गॉगल नसलेला फोटो

कासुर्डी,
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

अनिताताई,

सलाम. हे पत्र भारतच्या भाजीच्या पिकअपमधून पाठवते आहे. तुमच्या मेसवर मेथी-कोथिंबीर उतरवेल तेव्हा तुमच्याच हातात दे, असं त्याला बजावलंय. पोलिसांनी काल आमच्या घरातले सगळे फोन नेले. तुम्ही लावला असेल आणि लागला नसेल तर रागावू नका.

मंगळवारी शिरूरला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गोळी चालली, ती बातमी आम्ही टीव्हीवर बघत होतो. बिलाल त्याच कॉलेजात, म्हणून ताटं तशीच बाजूला ठेवली होती. भाग्यश्री नावाची मुलगी गेली, असं सांगत होते. मी तिच्या आईचा विचार करत होते, खरंच सांगते, आणि तेवढ्यात पडद्यावर माझ्याच पोराचा फोटो आला. गॉगल लावलेला, चेहऱ्याभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं, ‘हल्लेखोर पृथ्वीराज’. हे म्हणाले, “फोटू आपल्या बिलालचा आन् नाव भलत्याचं. कायतरी गडबड हाय, थांब.” थांबलो. तासाभरात चॅनेलने गडबड सुधारली ती अशी, की ह्याचं खरं नाव बिलाल, पृथ्वीराज हे नाव घेऊन वावरत होता. मग रक्ताने माखलेल्या शर्टात तो धावतोय, असा व्हिडिओ. ताई, ते रक्त त्या मुलीचं. तिला उचलून तो गाडी शोधत धावत होता. पोलिसांनी फोन घेण्याआधी माझ्याशी एवढंच बोलला, “अम्मी, वो मेरे हाथ में मर गई.”

काल त्याला तुमच्या खोलीवरून उचलून नेलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

रविवारी इथे बैलगाड्यांची शर्यत आहे. दर शर्यतीच्या आठवड्यात नाल मारायला आमच्या दारात बैलांची रांग असते. ह्या वेळी एकही बैल आला नाही. नाल मारायचा तर बैल दोर लावून आडवा पाडावा लागतो, आणि ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्यापुढे कोण आपला बैल पाडेल? ह्यांनी सकाळी हातोडी घासून लख्ख केली आणि आत आणून ठेवली.

तुमचा विश्वजीत बिलालबरोबरच होता ना? त्याने काय पाहिलं ते पोलिसांना सांगू दे. लहानपणापासून तुम्ही ह्यांना राखी बांधत आलात. तुमच्याशिवाय तिकडे माझं कोणी नाही.

तुमची,
हसीना


कारेगाव,
शनिवार, २५ जानेवारी

हसीनाभाभी,

आधी गोड बातमी घे. काल संध्याकाळी पोलिसांनी बिलालला सोडलं. पार्किंगच्या कॅमेऱ्यात सगळं दिसलंय. गोळी पृथ्वीराजनेच झाडली. भांडण त्याचं दुसऱ्याच पोराशी होतं आणि लागली बिचाऱ्या भाग्यश्रीला. आमच्या विश्वजीतनेही जबाब दिला. पृथ्वीराज आत आहे. हे पत्र पोचायच्या आत तुझा पोरगा तुझ्या हातचा खिमा खाऊन पाय ताणून झोपला असेल. उठला की माझ्या वाटणीचा एक धपाटा घाल त्याला.

आता हा घोळ कसा झाला ते ऐक आणि कपाळावर हात मारून घे. पृथ्वीराज म्हणजे आमच्या इथल्या एका पुढाऱ्याचा पोरगा. त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आमच्याच बिल्डिंगच्या भिंतीवर लागला होता. आमच्याकडे कुत्रं व्यालं तरी फ्लेक्स लागतो, तुला माहीतच आहे. वर पृथ्वीराजचं हे एवढं थोबाड, मध्ये त्याचं नाव, खाली शुभेच्छा देणाऱ्या पोरांच्या फोटोंची ओळ. विश्वजीतने खोल्यांवरच्या सगळ्या पोरांचे फोटो दिले, आणि बिलालचा गॉगलवाला सगळ्यांत झकास म्हणून मधोमध लावून घेतला. गोळी चालल्यावर पृथ्वीराजची माणसं आली आणि वरचं थोबाड टराटरा फाडून घेऊन गेली. नाव राहिलं, आणि नावाच्या बरोब्बर खाली तुझा बिलाल. चॅनेलवाला आला, भिंतीचा फोटो काढला, गेला. कुणाला विचारणं नाही, पुसणं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. पुढे नाव जुळेना, तेव्हा चूक झाली म्हणायचं सोडून, पोरानेच नाव बदललं म्हणाले. त्यांच्या जिभेला हाड नाही आणि डोळ्यांना पाणी नाही. काल म्हणे चूक कबूल केली. खालच्या पट्टीत एक ओळ सरकत आली आणि सरकत गेली. गॅसवरचं दूध बघायला वळले तेवढ्यात संपलीसुद्धा. विश्वजीतने सांगितलं म्हणून कळलं.

आमचेही हाल आहेत. चॅनेलने आमची बिल्डिंग दाखवली. बुधवारी दगड आले, जिन्याच्या काचा गेल्या. कंपनीतली बिहारकडची पोरं घाबरून सणसवाडीला दुसऱ्या खोल्या बघून गेली. हे म्हणतात, आठ दिवस गेटच्या आत कुणाला घ्यायचं नाही, कासुर्डीला फोन करायचा नाही, पोलीस सगळे कॉल काढतात. म्हणून मीही पत्रच लिहिते आहे. गेटला आतून कुलूप. मी आपली मेसच्या चपात्या लाटते आणि लाटता लाटता रडते.

बिलाल पोचला की एक ओळ लिही. लगेच लिही, भाभी.

तुझी नणंद,
अनिता


कासुर्डी,
सोमवार, २७ जानेवारी

ताई,

बिलाल आलेला नाही.

हे काल पोलीस स्टेशनला जाऊन आले. शुक्रवारी संध्याकाळी सोडलं, म्हणाले. त्याचा फोन तपासासाठी ठेवून घेतलाय. एकट्याला का सोडलं, आम्हाला का कळवलं नाही, असं ह्यांनी विचारलं. तर म्हणाले, सज्ञान आहे, घरी जा म्हणून सांगितलं.

शिरूरहून सुटला तर तो आधी तुमच्याकडेच येणार. त्याचे कपडे तिथे, पुस्तकं तिथे, आत्या तिथे. आला होता का? तुम्ही झोपला असाल, मेसच्या गडबडीत असाल, जरा आठवून बघा. विश्वजीतला विचारा. दाजींना विचारा.

आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकून मला वेड लागेल असं वाटतं. पोर हरवलं की माणूस त्याचा फोटो घेऊन हिंडतो. आमचे फोटो सगळे फोनमध्ये, आणि फोन पोलिसांकडे. घरात छापलेला एकच फोटो, तो गॉगलवाला. त्यानेच हौसेने मोठा करून भिंतीला लावला होता. हे तोच फ्रेममधून काढून घेऊन निघाले. चौफुल्याला एसटीच्या थांब्यावर एकाला दाखवला, तर तो ओरडला, “ह्यो तर गोळीवाला! कुठं दडवलाय त्याला?” माणसं जमली. एक जण फोटोवर थुंकला. ह्यांनी फोटो शर्टाने पुसला आणि पुढच्या हॉटेलात गेले. तिथेही तेच. फोटो दाखवावा तर तो गुन्हेगाराचा, आणि न दाखवावा तर काय म्हणून विचारावं? उंच आहे, सावळा आहे, पोराला मटकीची उसळ आवडत नाही, असं सांगत हिंडायचं का?

गावात सगळेच तसे नाहीत. हौशीरामआबा आज बैल घेऊन आले. म्हणाले, “पाशा, माझा बैल टीव्ही बघत न्हाई. नाल मार.” ह्यांचा पहिलाच खिळा वाकडा गेला, उपसून पुन्हा मारावा लागला. आबा बैलाच्या मानेवर हात ठेवून बसले होते.

ताई, मी रात्रंदिवस दाराकडे बघत बसते. कडी घालत नाही.

हसीना


कारेगाव,
मंगळवार, २८ जानेवारी

हसीनाभाभी,

तुझं पत्र वाचलं. नाही गं, इकडे नाही आला तो. दगड आले तेव्हापासून गेटची बेल बंद आहे, पण कोणी आलं तर कळतंच की. माझा भाचा माझ्या दारात उभा राहिला असता आणि मी दार उघडलं नसतं, असं होईल का? तूच सांग, होईल का?

तो गॉगलचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेव. सोबत दुसरा पाठवते आहे. मागच्या महिन्यात मेसमध्ये पुरणपोळ्या केल्या होत्या, तेव्हा विश्वजीतने फोनवर काढलेला. मी आज रांजणगावच्या स्टुडिओत जाऊन ढीगभर प्रती काढून आणल्या. ह्यांना सांगितलं, बाजारात जाते. फोटोत बिलालच्या तोंडात घास आहे, गालाला तूप लागलंय, आणि मी ‘आणखी एक घे’ म्हणाले म्हणून हसतोय. ह्या पोराला कोणी गोळीवाला म्हणणार नाही.

आणि पाशादादाला सांग, चौफुल्याला, यवतला शोधत बसू नको. बिलाल एसटीत चढला नसेल. गाडीत शंभर माणसं, शंभर फोन, त्याला भीती वाटली असेल. तो पायी गेला असेल, आणि न्हावऱ्याच्या रस्त्यानेच गेला असेल. त्याच रस्त्याने शोधा. वस्त्यांवर विचारा, उसाच्या फडांत विचारा. माझं ऐक, भाभी. आजच जायला सांग त्याला. वेळ घालवू नका.

अनिता


दौंड,
मंगळवार, ४ फेब्रुवारी

अनिताताई,

सापडला. जिवंत आहे. आधी एवढं लिहिते, बाकी मग. इथे दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून लिहिते आहे.

तुम्ही सांगितलं तसे हे न्हावऱ्याच्या रस्त्याने वस्ती वस्ती करत गेले. नदीच्या अलीकडे ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या आहेत, उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्या. तिथे साळूबाई नावाच्या एका म्हातारीने तुमचा फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाली, “ह्ये तर आमच्याकडलं लेकरू हाय. हसत्यालं कवा बघितलंच न्हाई म्हणून वळखू आलं न्हाई.” तो तिच्या कोपीत पाचटावर पडलेला होता. पाच दिवस.

शनिवारी सकाळी एका चहाच्या टपरीवर त्याने पाणी मागितलं, टपरीवाल्यानेच नंतर ह्यांना सांगितलं. तिथे कुणीतरी फोनमध्ये तोच व्हिडिओ बघत होतं. पोरं पंधरा-वीस जमली. मोठं काम केलं असं वाटून त्यांनी स्वतःच पोलिसांना फोन लावला, की गोळीवाला पकडलाय. तिकडून उत्तर आलं, तो नव्हेच, त्याला आम्हीच सोडलंय. तोवर ताई, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मग त्यांनी त्याला पाणी पाजलं. एकाने शर्टावरची माती झटकली. उसाच्या बांधाला टेकवून बसवलं आणि गाड्यांवर बसून निघून गेले. आपण मारलंय, हे त्यांनी पोलिसांना सांगितलंच नाही, आणि असा फोन आला होता हे पोलिसांनी ह्यांना सांगितलं नाही.

जबडा दोन ठिकाणी मोडलाय. उजवा डोळा राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मी साळूबाईंना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, “कशाची? आमच्या कोपीत टीव्ही न्हाई, बया. रगत व्हातं व्हतं, म्या पुसलं. पोलिसांचं नाव काढलं की लुगडं घट्ट धरायचा, मग म्या बी गप ऱ्हायले.” रोज ऊस तोडून आल्यावर त्या त्याला भाकरी दुधात कालवून बोटाने चाटवायच्या.

तुम्ही तो फोटो पाठवला नसता, तो रस्ता सुचवला नसता, तर माझं पोर त्या पाचटावरच संपलं असतं. ह्यांचं आणि तुमचं रक्ताचं नातं नाही, पण रक्ताच्या माणसाला जे सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं. ही हसीना मरेपर्यंत हे विसरणार नाही.

तुमची,
हसीना


कारेगाव,
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

हसीनाभाभी,

सापडला, देवाची कृपा. त्याच्या डोळ्याबद्दल पत्रात वाचलं आणि परातीत पीठ तसंच राहिलं. त्या दिवशी मेस बंद ठेवली.

माझे उपकार मानू नकोस. पुन्हा असं लिहू नकोस, तुला माझी शपथ आहे.

मी यायला हवं होतं. निघालेही होते, पण ह्यांची तब्येत बरी नाही, आणि भाडेकरूंचं, मेसचं आहेच. विश्वजीत फ्लेक्सची दुकानं दिसली की मान खाली घालतो.

बिलाल बोलतो का? काही म्हणाला का, शुक्रवारी कुठे कुठे गेला ते? माझ्याबद्दल काही म्हणाला का?

अनिता


कासुर्डी,
रविवार, १६ फेब्रुवारी

अनिताताई,

बिलालला घरी आणलं. फोन परत मिळालेत, पण मी बंदच ठेवते. चालू केला की कोणी ना कोणी तोच व्हिडिओ पाठवतं. खाली शिव्या असतात, नाहीतर ‘हा खरा का?’ असं विचारलेलं असतं. त्यापेक्षा भारतची गाडी बरी.

गावातली माणसं येऊन जातात. नारळ आणतात, फळं आणतात. झालं गेलं विसरा, म्हणतात. दारात बैलांची रांग पुन्हा लागली आहे. तेच बैल, तीच माणसं. हे कुणाला नाही म्हणत नाहीत. बैल पाडतात, नाल मारतात, उठवतात. पूर्वी मालकाशी गप्पा चालायच्या, आता खुराकडे बघतात आणि पुढचा बैल आणा म्हणतात.

तुम्ही विचारलं होतं, तुमच्याबद्दल काही म्हणाला का. जबडा तारेने बांधलाय, दातांतून पुटपुटतो. म्हणाला, सुटल्यावर तो तुमच्याकडे आला होता. गेट वाजवलं. आत्या घरी नव्हती, म्हणून निघालो. तुम्ही तेवढ्यात कुठे बाहेर गेला असाल, तुम्हाला कळलंच नसेल. नशीब, ताई. तुम्ही घरात असता तर माझ्या पोराचे दोन्ही डोळे आज शाबूत असते. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. नशिबाला काय करायचं, म्हणून लिहिते.

आता एक मागणं आहे. त्याने आतल्या खोलीची कडी घातली आहे. पेज ठेवली की हात बाहेर येतो, वाटी आत जाते, पुन्हा कडी. अब्बांसाठी उघडत नाही, माझ्यासाठी उघडत नाही. हौशीरामआबा तासभर दाराशी बसून गेले. परवा मी दाराला तोंड लावून विचारलं, कुणासाठी उघडशील, बेटा? मग म्हटलं, आत्या आली तर? तेव्हा रडला. एवढं होऊन गेलं, पण तो रडलेला मी पहिल्यांदा ऐकला.

तुम्ही या, ताई. सगळं बाजूला ठेवा आणि या. तुम्ही एक हाक मारलीत तर तो दार उघडेल.

तुमची वाट बघणारी,
हसीना


कारेगाव,
मंगळवार, १८ फेब्रुवारी

हसीनाभाभी,

हे पत्र त्याच्या दाराशी उभी राहून मोठ्याने वाच. पाशादादालाही ऐकू दे.

मी घरात होते.

शुक्रवारी दिवेलागणीला कुणीतरी हळूच गेट वाजवलं. “आत्या” अशी हाक आली. मी चपात्या लाटत होते. समोरच्या टपरीवर माणसं आमच्याकडे पाठ करून टीव्ही बघत होती. ह्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “कुलपाचा आवाज झाला तर सगळी इकडं वळतील. आपल्याला जाळत्याल, विश्वजीतला बी सोडायची न्हाईत.” मी मनगट सोडवलं आणि खिडकीशी गेले. बिलाल गेटच्या गजांना धरून उभा होता. मला बघून हसला. सुटलो, असं सांगायचं असेल त्याला. मी दिवा बंद केला. मनगट ह्यांनी धरलं होतं, पण दिवा मी बंद केला.

त्याने गेटचे गज सोडले. मग म्हणाला, “बरं, आत्या.” आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला वळला. तो रस्ता मला सुचला नव्हता, भाभी. मी त्याला जाताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तुला खिमा आणि धपाटा असलं लिहिलं, तेव्हा तो पोचला असेलच असं मी स्वतःलाच पटवत होते. तू ‘आला होता का’ विचारलंस, तेव्हा खोटं बोलले. तेवढं तरी खरं सांगितलं असतं तर तुम्ही आणखी घाईने शोधलं असतं.

चॅनेलवाल्याला मी पत्रात पोटभर शिव्या घातल्या. त्याने तर नुसती भिंत बघितली. मी बिलालला बघितलं होतं. तो कोण आहे हे मला माहीत होतं.

आणि तो तुला म्हणाला, आत्या घरी नव्हती. एवढा मार खाऊन आल्यावरही त्याने माझी लाज राखली. तुम्ही मला घरात घेणं बंद करू नये म्हणून एवढासा जबडा हलवून तो खोटं बोलला.

मी उद्या भारतच्या गाडीतून येते. ह्यांना सांगून येते, बाजाराचं नाव करून नाही. तुला मला उंबऱ्याच्या आत घ्यावंसं वाटलं नाही तर अंगणात बैलांच्या रांगेत बसेन. घेतलंस तर त्याच्या दाराबाहेर बसेन. हाक मारणार नाही.

त्याने दार उघडलं नाही, तर त्याला काही बोलू नकोस.

अनिता